तांब्या सरकवताना

काकांच्या शेडमधल्या कोंबड्या वजनाला भारी आणि चालायला आळशी. काका अगदी त्यांच्याच वळणावर गेलेत, असं काकूंचं मत होतं. हा पक्षी काही आठवड्यांतच असा फुगतो की छाती पुढे निघते आणि पाय बिचारे मागे पडतात. काकांच्या पोटाला तेवढं व्हायला बरीच वर्षं लागली, एवढाच फरक.

त्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाई पक्ष्यांची चाल बघायला आल्या. पक्ष्याच्या मागे शांत उभं राहायचं, तो उठून चार पावलं टाकेपर्यंत थांबायचं, मग नंबर द्यायचा. तुरुतुरु चालला तर शून्य, जागचा हललाच नाही तर पाच. बहुतेकांना तीन मिळाले.

एकाच्या छातीवरून बोटं फिरवत बाई म्हणाल्या, "अंग छान भरलंय, पायांत मात्र जोर नाही. दाणा आणि पाणी शेजारी शेजारी ठेवलंय तुम्ही. बसल्या जागी सगळं मिळालं तर उठेल कोण? हळूहळू लांब करत न्या. एकदम नको, नाहीतर तहानेले राहतील."

दारातल्या खुर्चीवर बसून काका मान डोलावत होते. हाताशी स्टूल, स्टुलावर पाण्याचा तांब्या, वर्तमानपत्र, चष्मा. काकूंची नजर पक्ष्यांच्या पायांवरून त्या स्टुलावर गेली. माणसांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, असेच बसून राहिलात तर गुडघे आखडतील आणि अंथरूण धराल. त्यावर काका म्हणाले होते, "मी चालायला जाणार नाही म्हणजे नाही." काकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तेव्हापासून काकूंना घास गोड लागत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून शेडमधली पाण्याची भांडी सरकू लागली, आणि घरातला तांब्याही. आधी खिडकीत, मग ओट्यावर, मग थेट मागच्या अंगणात. वर्तमानपत्र फाटकाशीच राहू लागलं. चष्मा तर शेडच्या पार दुसऱ्या टोकाला सापडायचा. काका काकूंच्या विसरभोळेपणाचा उद्धार करत उठायचे, आणि काकू ते मुकाट ऐकून घ्यायच्या. संसारात असं प्रथमच घडत होतं.

पुढच्या खेपेचे पक्षी मोठे झाल्यावर बाई पुन्हा आल्या. या वेळी बहुतेकांना एक मिळाला. बाईंना सोडायला काका फाटकापर्यंत गेले आणि काकू मागे उभ्या राहून बघत राहिल्या. डावा पाय अजून जरा ओढत होता, पण भिंतीला हात लागत नव्हता.

परत येताच काकांनी विचारलं, "मागून बघत होतीस ना? किती दिलास?"

"कसला किती?" काकू लगबगीनं आत वळल्या.

"तांब्या आपल्या पायांनी अंगणात जात नाही, एवढं कळतं मला."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर भांडण झालं असतं. आणि माझंच खरं करायला मला बसून राहावं लागलं असतं." काका खुर्चीपाशी आले, पण बसले नाहीत. "भीती मलाही वाटत होती गं."