पंधराव्याचं कोपर

राजधानी वागाडुगूच्या सरकारी टीव्हीत रासमाने तापसोबाने एकतीस वर्षं कॅमेरा चालवला, आणि त्या एकतीस वर्षांत खुर्चीवर कोण बसलंय याची त्याने कधी फिकीर केली नाही. जो बसेल त्याला नीट उजेडात दाखवायचं, नाकावर चमक येऊ द्यायची नाही, की काम झालं. अशी माणसं सुखी असतात असं बघणाऱ्यांना वाटतं. रासमाने सुखी नव्हता. बायको हाबिबू जाऊन चार वर्षं झाली होती, आणि एकुलता एक मुलगा नुफू, सैन्यात लेफ्टनंट, अकरा महिने घराकडे फिरकला नव्हता.

बापलेकांचं बिनसलं ते एका कारंज्यावरून. नुफूची तुकडी तेव्हा उत्तरेच्या ओसाड मुलखातल्या एका ठाण्यावर होती. तिथे सतरा दिवस शिध्याची गाडी पोचली नाही. शिपाई झाडपाला उकडून खायला लागले, आणि तशा रिकाम्या पोटांवर हल्ला आला. नऊ जण गेले. नुफू रजेवर घरी आला त्या संध्याकाळी टीव्हीवर मंत्रिमहोदय चौकातल्या नव्या कारंज्याची फीत कापत होते. चित्रण अर्थात रासमानेचं.

"आख्ख्या देशात एवढाच कॅमेरा आहे का, बाबा?" नुफूने विचारलं. "आणि तोही कारंज्यापुढे उभा?"

रासमाने म्हणाला, मला जे सांगतात ते मी दाखवतो. ते खरंच होतं, पण नऊ माणसं पुरून आलेल्या मुलाला द्यायचं उत्तर ते नव्हतं. नुफूने ताट सारलं, पिशवी उचलली आणि रजा बाकी असताना तो बराकीत परत गेला. त्यानंतर रासमाने रोज एकट्यापुरता बाजरीचा गोळा शिजवायचा, वर भेंडीचं कालवण करायचा, आणि ते हटकून दोघांना पुरेल एवढं व्हायचं. उरलेलं तो शेजारच्या कोंबड्यांना घालायचा आणि त्यांच्याशीच चार शब्द बोलायचा.

जानेवारीतल्या एका धुळकट सकाळी छावणीच्या बाजूने गोळीबार ऐकू आला. गल्लीतली दारं पटापट लागली. रासमानेने मात्र मोटरसायकलला किक मारली आणि तो कामावर गेला. घरी बसून भिंतींची तोंडं बघण्यापेक्षा बंड परवडलं, असा त्याचा हिशेब.

स्टुडिओत चिटपाखरू नव्हतं. होता तो एकटा झेर्बो, आवाजाच्या यंत्रावर बसणारा. झेर्बो सामो आणि रासमाने मोसी. या दोन जमातींनी एकमेकांना वाटेल ते बोलायचं आणि कुणी मनावर घ्यायचं नाही, असा तिथला वाडवडिलांपासूनचा रिवाज. त्या दोघांनी तो वीस वर्षं इमानाने पाळला होता.

"आला माझा गुलाम," झेर्बो म्हणाला. "मालकाच्या जिवावर बेतलंय आणि हा सावकाश उगवतोय."

"तुझ्या घरावरून आलो," रासमाने म्हणाला. "दारातलं कुत्रं दिसलं नाही. बायकोने शिजवलं वाटतं."

एवढं बोलून दोघेही हसले.

दुपारी बाराच्या सुमाराला सैनिक आले. एक मेजर आणि त्याच्यामागे पंधरा अधिकारी. मेजरच्या हातात एक कागद होता. निवेदन वाचायचं आहे, कॅमेरा लाव, असं तो म्हणाला. ते सगळे मेजरच्या मागे ओळ धरून उभे राहिले. एकानेही तोंडावर फडकं बांधलेलं नव्हतं, याचं रासमानेला नवल वाटलं. त्याने भिंगाला डोळा लावला आणि उजवीकडून एकेक चेहरा स्पष्ट करत डावीकडे आला. अगदी टोकाला, दिव्याच्या ऐन झोतात, नुफू उभा होता.

नुफूने बापाला केव्हाच पाहिलं असणार, पण तो बापाकडे बघत नव्हता. तो भिंगाकडे बघत होता, छाती पुढे काढून, शाळेच्या वर्गाचा फोटो काढताना मुलं उभी राहतात तसा.

रासमानेला जे आठवलं ते असं. नऊ वर्षांपूर्वी असेच काही जण आले होते आणि असाच एक कागद वाचून गेले होते. सहा दिवसांत त्यांचं बंड विझलं. मग चौकशीवाले आले, त्यांनी ती फीत लावायला सांगितली, आणि प्रत्येक चेहऱ्यावर चित्र थांबवत यादी केली. चित्र थांबवणारं बोट रासमानेचंच होतं. त्या यादीतला एकही जण अजून घरी परतला नव्हता.

पुढचा विचार त्याने केलाच नाही. कॅमेऱ्याचं तोंड त्याने दोन बोटं उजवीकडे वळवलं. नुफू चित्रातून गेला. राहिलं फक्त त्याचं दुमडलेलं कोपर. ते घालवायचं तर पलीकडच्या टोकाचा माणूस आणखी आत आला असता आणि लबाडी कळली असती.

"सगळे दिसतायत ना?" मेजरने विचारलं.

"सगळे," रासमाने म्हणाला. एकतीस वर्षांत कॅमेऱ्यामागून तो पहिल्यांदाच खोटं बोलला, म्हणजे आपणहून. झेर्बोने समोरच्या छोट्या पडद्याकडे पाहिलं, ओळीच्या टोकाकडे पाहिलं, आणि मान खाली घालून तो आपल्या बटणांत गुंतला.

आणि बंड यशस्वी झालं. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी राजीनाम्यावर सही केली. माणसं मोटरसायकलींवर तिघं तिघं बसून भोंगे वाजवत शहरभर फिरली. ते निवेदन टीव्हीवर तासातासाला लागायचं. मेजरमागच्या त्या ओळीची चित्रं छापून चौकाचौकात विकायला आली, आणि न्हाव्यांनी ती आरशाशेजारी चिकटवली. चौदा वीर, लोक म्हणायचे. एक जण एका प्रांताचा राज्यपाल झाला, दुसऱ्याला विमानतळ मिळाला. रासमाने चौकातून जाताना त्या चित्राकडे बघायचं टाळायचा. आपण चुकलो हे त्याला कळलं होतं. किती चुकलो ते अजून कळायचं होतं.

दहाव्या दिवशी नुफू घरी आला. दारात मुलाला बघून रासमानेला इतका आनंद झाला की त्याच्या हातातलं चित्र त्याला आधी दिसलंच नाही. बस, पाणी घे, म्हणेपर्यंत नुफूने ते चित्र खाटेवर पसरलं आणि कडेच्या कोपरावर बोट ठेवलं.

"हा मी," तो म्हणाला.

नुफूने मग शांतपणे सगळं सांगितलं, आणि ती शांतताच वाईट होती. त्या पंधरा जणांनी आदल्या दिवशी शपथ घेतली होती. कुणी तोंड झाकायचं नाही, सगळ्यांनी देशाला दिसायचं, म्हणजे मागे फिरायची वाट कुणालाच उरणार नाही. चौदा जणांनी शपथ पाळली. पंधराव्याचा बाप कॅमेऱ्यावर होता, आणि नेमका पंधरावाच दिसला नाही. आता कुणी त्याच्या पंगतीला बसत नव्हतं. बापलेकांनी आधीच संगनमत केलं होतं, एक पाय बाहेर ठेवला होता, असं ते तोंडावर म्हणत होते.

"मी जाऊन सांगतो त्यांना," रासमाने म्हणाला.

"काय सांगाल? की माझ्या बापाला आम्ही हरणार याची खात्री होती?"

"मला तू जिवंत हवा होतास, नुफू. दुसरं काही माझ्या डोक्यात आलं नाही."

"मी मुद्दाम टोकाला उभा राहिलो होतो, बाबा. तिथे उजेड चांगला होता." नुफूने कोपरावरचं बोट उचललं. "जन्मभर तुम्ही कुणाकुणाला दाखवलंत. म्हटलं, एकदा मला दाखवतील."

तो गेला. चित्र खाटेवरच राहिलं. रासमानेने ते गुंडाळायला घेतलं, पण कुठे ठेवावं ते सुचेना, म्हणून पुन्हा पसरून ठेवलं आणि त्या रात्री तो जमिनीवर झोपला.

चौदा वीरांचं राज्य चाळीस दिवस टिकलं. मग पश्चिमेकडच्या पलटणी राजधानीवर चालून आल्या, दोन दिवस चकमकी झाल्या, आणि जुने अध्यक्ष पुन्हा खुर्चीवर आले. रासमानेने त्यांनाही नीट उजेडात दाखवलं. चौकातली चित्रं एका रात्रीत नाहीशी झाली. फेरीवाल्या बायका त्यांच्या कोऱ्या बाजूत शेंगदाणे बांधून देऊ लागल्या. चौदा जण तीन दिवसांत पकडले गेले. हुडकायला कष्ट पडलेच नाहीत, चेहरे आख्ख्या देशाला पाठ होते. पंधराव्याबद्दल कुणी विचारलंही नाही.

त्या रात्री रासमानेला गाढ झोप लागली. सकाळी त्याची लाजही वाटली, पण झोप लागली हे खरं. आता नुफू येईल, रागाने का होईना येईल, बाबा तुमचं बरोबर होतं म्हणेल. त्याने मुलाची खोली झाडली, गादी उन्हात टाकली, कोंबडी आणून मसाल्याऐवजी साध्या मिठात मुरवून ठेवली, कारण नुफूला तशीच आवडायची. नुफूचा फोन बंद होता. कोंबडी रासमानेने दोन दिवस पुरवून एकट्याने खाल्ली. झेर्बोने त्या आठवड्यात एकदाही त्याला गुलाम म्हटलं नाही, आणि हे रासमानेला सगळ्यात जड गेलं.

सातव्या दिवशी त्याला लष्करी चौकशीचं बोलावणं आलं.

खोलीत एक थकलेला कर्नल बसला होता. भिंतीवरच्या पडद्यावर ते चित्र थांबवून ठेवलेलं होतं. कडेच्या बाकावर नुफू होता. त्याच्या हातात बेड्या नव्हत्या.

कर्नलने आधी रासमानेला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मग म्हणाला, तुमचा मुलगा काल स्वतःच्या पायांनी इथे आला. म्हणतो, मी पंधरावा. पण पकडलेल्या चौदांना विचारलं तर ते म्हणतात, हा आमचा नव्हे. एक जण तर त्याचं नाव ऐकून थुंकला. मेजर चकमकीत गेला, त्यामुळे विचारायला दुसरं कुणी नाही. झेर्बो म्हणतो, मी आवाज बघतो, माणसं बघत नाही.

"आता हे कोपर उरलं," कर्नल म्हणाला. "कोपरावरून मी कुणाला वीस वर्षं आत टाकणार नाही. कॅमेऱ्यावर तुम्ही होतात. हे कुणाचं ते आठवत नाही एवढंच म्हणा, आणि मुलाला घरी घेऊन जा. माझ्यापुरते चौदा भरपूर झाले. मलाही मुलं आहेत, तापसोबा."

माणूस भला होता. असा भला माणूस त्या खुर्चीवर रोज भेटत नाही. रासमानेने नुफूकडे पाहिलं. नुफू विनवत नव्हता, धमकावत नव्हता. भिंगाकडे बघावं तसा तो बापाकडे बघत होता.

आठवत नाही म्हणायला रासमानेची जीभ तयारच होती. तेवढं म्हटलं की दोघं बाहेर पडतील. मोटरसायकल झाडाखाली आहे, नुफू मागे बसेल. इथवर त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि त्यापुढचंही दिसत होतं. पहिल्या चौकात नुफू उतरेल. एक शब्द न बोलता गर्दीत जाईल. मुलगा शहरात कुठेतरी जिवंत असेल आणि त्याला मुलगा नसेल. हे तो एक वर्ष जगला होता. मरेपर्यंत जगला असता, त्याची त्याला सवय झाली होती. पण नुफूला त्याने कसं जगायला लावलं होतं, हे त्या बाकाकडे बघताना त्याला पहिल्यांदा नीट दिसलं. जे त्याने वाचवलं होतं, ते नुफूच्या काही कामाचं उरलं नव्हतं.

"ते माझ्या मुलाचं कोपर आहे," रासमाने म्हणाला. "लेफ्टनंट नुफू तापसोबा. तो सगळ्यांच्या बरोबर आला, सगळ्यांच्या बरोबर उभा राहिला. त्याने तोंड झाकलं नाही. कॅमेरा मी वळवला, त्याला न विचारता."

कर्नलने लेखणी उचलली नाही. "काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. लिहून घ्या. आणि त्या चौदा जणांना वाचून दाखवा."

कर्नलने मग लेखणी उचलली आणि लिहिलं. कॅमेरा वळवल्याबद्दल रासमानेवर काही आरोप ठेवायचा का, असं दाराशी उभ्या हवालदाराने विचारलं, तेव्हा कर्नलने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन शिपाई आले. नुफू उठला, त्यांनी सांगायच्या आधीच त्याने हात पुढे केले. रासमानेच्या खुर्चीपाशी तो थांबला. त्याने बेडी घातलेल्या हातांनी बापाच्या सदऱ्याची वळलेली कॉलर सरळ केली. हाबिबू रोज सकाळी तेच करायची.

"ऊन फार आहे, बाबा," तो म्हणाला. "हळू चालवा."

त्याला आतल्या दाराने नेलं. रासमाने बाहेर आला तेव्हा फाटकावरच्या शिपायाने त्याला थांबवून एक जाड वही उघडली. खटला उभा राहीपर्यंत भेट मिळणार नाही, जेवणाचा डबा मात्र शुक्रवारी देता येईल, पण त्यासाठी नाव नोंदवावं लागेल. रासमानेने नाव सांगितलं.

"कैद्याचे तुम्ही कोण?" शिपायाने विचारलं.

"बाप," रासमाने म्हणाला.

शिपायाने ते लिहिलं, वही मिटली, आणि आता जा म्हणाला. रासमाने झाडाखालच्या मोटरसायकलपाशी गेला आणि तिच्या तापलेल्या सीटवर हात ठेवून उभा राहिला. आपण काय गमावलं आणि काय मिळवलं हे कुणाला तरी सांगावं असं त्याला फार वाटत होतं, आणि ज्याला सांगायचं तो आत होता.