गाढवीण बोलत नाही

वदीमाची शम्मा म्हणजे नुसती कार्टी होती. सात-आठ वर्षांच्या पोरीला असं म्हणू नये, पण मला दुसरा शब्द सापडत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे जेवणं झाली की कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. घरोघर दारं बंद, सगळं गाव आडवं. आणि ही बया आईचा डोळा लागला रे लागला की कडी काढून पसार! उघड्या डोक्यानं बागेत भटकायचं, पडलेले खजूर वेचायचे, पाटात पाय सोडून बसायचं. परत आली की झग्याच्या ओच्यात खजूर, कोपरापर्यंत चिखल आणि तोंडावर शपथ, "मी तर झोपलेलेच होते!"

वदीमानं काय करायचं बाकी ठेवलं होतं? खजुरीच्या छडीनं पोटऱ्या लाल केल्या, गोडीगुलाबीनं समजावलं, एकदा तर खोटं बोलली म्हणून जिभेवर लाल मिरची चोळली. पोर रडून रडून बेजार झाली, तेव्हा वदीमा तिची हनुवटी धरून म्हणाली, "मी कधी खोटं बोलले तुझ्याशी? बोल ना! तुझी युम्मा खोटं बोलत नाही. मग तू कुणावर गेलीस गं?"

युम्मा म्हणजे आई. मिरची उतरली तरी हे वाक्य मात्र शम्माच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

वदीमा वाईट बाई नव्हती हो. घाबरलेली होती. आमच्या पाटाचं पाणी डोंगराखालून येतं, आणि बागेत गाळ उपसायला मध्ये मध्ये खोल विहिरी आहेत, कठडा नसलेल्या. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या सल्लामाची भाची अशीच भरदुपारी बाहेर पडली आणि त्यातल्या एका विहिरीत सापडली. त्या पोरीला वर काढलं तेव्हा वदीमा तिथे उभी होती. पुरुष सगळे मोती काढायला समुद्रावर, तिचा नवरा राशिदही तिकडेच. पोरीला काही झालं तर तो परत आल्यावर त्याला तोंड कसं दाखवायचं, ह्या विचारानं तिला दुपारची झोप निवांत लागत नसे.

शेवटी सासू बोलली. हमामा तिचं नाव, डोळ्यांनी अधू, पण जिभेला धार. "मारून पोरी सुधारत नाहीत, निगरगट्ट होतात. घाबरव तिला. यंदा आपल्या गल्लीत कुणाची पाळी नाही, तू घे."

पाळी म्हणजे गाढविणीची. आमच्याकडे भरदुपारी उन्हात एक गाढवीण फिरते आणि बाहेर सापडलेलं पोर उचलून नेते, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. आणि ती गाढवीण म्हणजे गल्लीतलीच कुणीतरी बाई असते, हे लग्न होईपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. तिचं सोंग बागेतल्या झोपडीत खुंटीला टांगलेलं असे: गाढवाचं वाळलेलं कातडं, खजुरीच्या काथ्याच्या जटा आणि पायात बांधायचे लाकडी खूर.

"एक लक्षात ठेव," हमामा म्हणाली. "गाढवीण बोलत नाही. त्या कातड्यात शिरलीस की तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. काढलास तर तुझा आवाज तिचा झाला."

"कुणाचा झाला, अम्मा? आत तर मीच असणार ना?"

"मला विचारू नकोस. माझ्या सासूनं मला सांगितलं, मी तुला सांगते."

वदीमा मनातल्या मनात हसली. म्हातारीचं आपलं काहीतरी!

दुसऱ्या दुपारी पोर निसटली आणि आई मागोमाग निघाली. झोपडीत जाऊन तिनं ते कातडं अंगावर घेतलं. आत कुबट वास, जीव गुदमरवणारा उकाडा. खूर बांधून ती खजुरींच्या मधून टक टक करत पुढे आली. शम्मा पाटाकाठी उकिडवी बसून खजूर धूत होती. तिनं वर पाहिलं. वदीमाला वाटलं, आता किंकाळी फोडेल.

कसली किंकाळी! पोरीनं आधी डोळे बारीक केले, मग खो खो हसायला लागली. "ए गाढविणी! तुझे खूर तर लाकडाचे आहेत!" आणि ढेकूळ उचलून फेकलं. ते लागलं वदीमाच्या खांद्याला. दुसरं उचलायला शम्मा मागे सरली, मग आणखी मागे. तिच्या मागे विहीर होती, तोंडाशी गवत माजलेलं, अगदी एका पावलावर.

"शम्मा! मागे विहीर आहे!"

शब्द निघून गेला. कुठली आई गप्प बसली असती, सांगा बरं? पोर जागच्या जागी थिजली. हातातलं ढेकूळ गळून पडलं. मग विहिरीला वळसा घालून ती अशी पळाली की एक चप्पल तिथेच राहिली.

वदीमा सोंग टांगून, घाम पुसून घरी आली, तर पोर कोपऱ्यात गुडघ्यांत मान घालून थरथरत होती. आईला पाहून जवळ आली नाही, उलट भिंतीला आणखी चिकटली.

"युम्मा, तिनं मला हाक मारली. तुझ्या आवाजात."

खरं सांगायची हीच वेळ होती. पोरीला कुशीत घेऊन "अगं वेडे, मीच होते ती" म्हणाली असती तर दोघी हसल्या असत्या आणि विषय संपला असता. पण समोर तिची ती बेडर पोर पहिल्यांदा घाबरलेली होती. हे हातचं जाऊ द्यायचं? आणि जिच्या जिभेवर मिरची चोळली तिला कुठल्या तोंडानं सांगायचं की मीच तुला फसवलं?

"हो," वदीमा म्हणाली. "ती आयांचे आवाज चोरते. म्हणून दुपारी दाराची कडी काढायची नाही. बाहेरून कुणीही हाक मारो, अगदी माझ्या आवाजात मारो, उघडायचं नाही. कळलं?"

"आणि ती तुझ्यासारखं सगळं बोलली तर?"

"तरी नाही."

"शपथ?"

"मी कधी खोटं बोलले तुझ्याशी?"

त्या दिवसापासून पोर बदलली. सांगितलं की करायची. दुपारी स्वतः उठून कडी घालायची, ओढून बघायची आणि दाराकडे पाठ करून पडायची. खोटं नाही, चोरी नाही, उलट उत्तर नाही. गल्लीतल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. "काय केलंस गं बाई?" म्हणून सल्लामा मागेच लागली, तेव्हा वदीमानं तिला युक्ती सांगितली. सल्लामानं आपल्या पोरांना सांगितली, तिच्या जावेनं तिच्या पोरांना. हां हां म्हणता गल्लीतली झाडून सगळी पोरं दुपारी शहाणी झाली. रोज निजवताना वदीमा शम्माच्या कपाळावर हात ठेवून म्हणायची, "शाब्बास गं माझी गुणाची पोर," आणि तिचं काळीज सुपाएवढं व्हायचं.

पण काहीतरी बिनसलं होतं. वदीमा पाणी आणायला जाऊन आली की शम्मा दाराच्या फटीतून आधी तिच्या पायांकडे बघायची. जेवताना मध्येच विचारायची, "युम्मा, माझी चप्पल कुठे हरवली?" आणि उत्तर बरोबर आलं तरी तिची नजर निवायची नाही. एकदा म्हणाली, "काल दुपारी तू माझ्याशी बाहेरून बोललीस का?" वदीमा तर काल दुपारी पोरीच्या शेजारी घोरत होती.

तिनं सासूजवळ सगळं ओकून टाकलं. हमामाच्या हातातला कॉफीचा पेला खाली आला.

"बोललीस? कातड्यात असताना बोललीस? अगं करंटे!"

"विहीर होती मागे, अम्मा! काय करायला हवं होतं मी?"

म्हातारी हळू आवाजात म्हणाली, "ते बरोबरच केलंस. पण घरी येऊन जे सांगितलंस ते चुकलं. आताच्या आता जा आणि पोरीला खरं सांगून टाक. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत."

"आता सांगितलं तर ती पुन्हा म्हणून माझा शब्द मानणार नाही. उन्हाळा सरू दे, मग सांगेन."

उन्हाळा सरत आला होता. वरच्या वाडीत एका नवऱ्या मुलीची मेंदी होती आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावणं. एरवी लेकुरवाळ्यांना भरदुपारी घर सोडायची सोय नसे, पण आता पोरं इतकी शहाणी! वदीमानं झोपलेल्या शम्माला हलवलं. "मी मेंदीला जाते. कडी घाल आणि झोप." अर्धवट डोळ्यांनी पोर उठली. वदीमा बाहेर पडली आणि मागे कडी सरकल्याचं तिनं स्वतःच्या कानानं ऐकलं.

मेंदीच्या घरी गाणी, हशा, नवरीची थट्टा. सल्लामा सगळ्यांसमोर ओरडली, "ह्या वदीमाचे पाय धुऊन प्या गं, हिच्यामुळे आज आपण मोकळ्या!" वदीमानं हसत हसत भोवती पाहिलं. गल्लीतली एकूण एक बाई तिथे होती, हमामाही भिंतीला टेकून बसलेली. मग खाली गल्लीत पोरांजवळ कोण होतं? हाताची ओली मेंदी तशीच ठेवून ती उठली.

बागेतून येताना सगळं चिडीचूप. पाटाचं पाणीसुद्धा वाजत नव्हतं. झोपडीपाशी तिचे पाय आपोआप थांबले. तिनं आत डोकावलं.

खुंटी रिकामी होती.

बायका सगळ्या वर मेंदीला. पुरुष समुद्रावर. मग सोंग कुणी नेलं? तिनं खाली पाहिलं. झोपडीच्या दारातून खुरांचे ठसे निघाले होते आणि सरळ गल्लीकडे गेले होते. वदीमा धावत सुटली. दम लागला, ओढणी वाटेत पडली. आपल्या दारावर तिनं दोन्ही हात आपटले, लाकडावर मेंदी फासली.

"शम्मा! उघड! मी आले!"

आत हालचाल झाली. मग दारापाशी पोरीचा बारीक, शांत आवाज. "नाही उघडणार."

"अगं मी तुझी युम्मा!"

"माझी युम्मा आत आहे."

वदीमानं फटीला कान लावला. "आत कोण आहे?"

"युम्मा. मेंदीला जाते म्हणाली, पण गेलीच नाही. मी कडी घालून वळले तर मागेच उभी होती. डोकं दुखतंय म्हणाली."

"दिसते कशी ती? नीट बघ, बाळ, तिचे पाय बघ!"

"अंधार केलाय. तिला उजेड सोसत नाही."

"चप्पल! तुझी चप्पल पाटाकाठी राहिली होती, विहिरीपाशी! हे मला ठाऊक आहे ना?"

"तिलाही ठाऊक आहे. तिनं मघाशी आणून दिली."

वदीमानं खांद्यानं दार रेटलं. चांगलं जाडजूड दार, राशिदनं स्वतः बसवलेलं, हललंसुद्धा नाही. ती सल्लामाच्या दाराकडे धावली. "पोरांनो, बाहेर या, मदत करा रे!" आतून किंकाळ्या उठल्या. "गाढवीण आली! वदीमाखालाच्या आवाजात बोलते!" मग पलीकडच्या घरातून, त्याच्याही पलीकडच्या घरातून, बंद दारांआडून पोरं ओरडायला लागली, "शम्मा, उघडू नकोस! शम्मा, उघडू नकोस!" सगळी शहाणी पोरं. एकानंही कडी काढली नाही.

ती पुन्हा आपल्या दाराशी आली आणि उंबऱ्यावर कोसळली. आता एकच गोष्ट उरली होती. लाज, धाक, आईपण, सगळं बाजूला ठेवून तिनं दाराच्या फटीला तोंड लावलं.

"शम्मा, ऐक गं माझ्या राजा. ती गाढवीण मीच होते. पाटाकाठी मीच होते. लाकडाचे खूर मीच बांधले होते. तू ढेकूळ मारलंस ते माझ्या खांद्याला लागलं. गाढवीण आवाज चोरते हे मी खोटं सांगितलं तुला. खोटं बोलले मी! तू शपथ मागितलीस तरी बोलले. तुला घरात ठेवायला. चुकले मी, पोरी. आता उघड."

दारापलीकडे पोर श्वास घेत होती तो ऐकू येत होता. तिचा हात कडीवर आला, लोखंड किंचित वाजलं. वदीमा थिजून गेली.

मग हात निघाला.

"बघ, चुकलीस," शम्मा म्हणाली. तिच्या बोलण्यात भीती नव्हती, धडा पाठ म्हणून दाखवणाऱ्या मुलीचा आनंद होता. "माझी युम्मा कधी खोटं बोलत नाही."

आतल्या अंधारातून टक टक वाजत काहीतरी दाराजवळ आलं आणि पोरीपाशी थांबलं.

"शाब्बास गं माझी गुणाची पोर," वदीमाचा आवाज आतून म्हणाला. "चल आता, झोपायला चल."

अनवाणी पावलं आज्ञाधारकपणे आत गेली, आणि त्यांच्या मागोमाग खूर.