रुमालाखालचा शेवटचा हात

गुरुवारी आमच्या गावात पाय ठेवायला जागा नसते. कडेगाव, विटा, कुंडल, पार सांगलीहून गाड्या येतात आणि समाजमंदिरापुढं जागा मिळाली नाही की सरळ कुणाच्याही उसात घुसतात. सगळे येतात रुपयाबाबासाठी. बाबाचा चमत्कार एवढाच, की तो रुपया नाहीसा करतो. हे काम आमची ग्रामपंचायत गेली पंचवीस वर्षं रुमालाशिवाय करत आली आहे, पण तिला कुणी हार घालत नाही.

बाबा कमरेच्या वर उघडा, त्यामुळं बाहीत काही लपवायची सोय नाही. उघड्या तळहातावर रुपया ठेवायचा, वर पिवळा रुमाल टाकायचा. मग पाच जणांनी एकेक करून रुमालाखाली हात घालायचा आणि रुपया चाचपून ‘हाय’ म्हणायचं. पाचवा हात पेशंटच्या घरातल्या वडीलधाऱ्याचा. तो ‘हाय’ म्हणाला की बाबा रुमाल झटकणार, आणि रुपया गायब. नाणं गेलं म्हणजे दुखणं गेलं. का, तर बाबाच्या मते नाणं म्हणजे धातू, धातू म्हणजे ऊर्जा, आणि ऊर्जा म्हणजे क्वांटम. क्वांटम म्हणजे काय ते विचारणारा पापी, असं त्याचा चेला आधीच माईकवर सांगून ठेवायचा.

मी वीरधवल, फौजेतला निवृत्त सुभेदार. फौजेत बंदुकीपेक्षा पत्ते जास्त हाताळले. नाणं बोटांवरून चालवणं, पत्त्यांच्या गड्डीतून मागाल तो पत्ता काढून देणं हा माझा नाद. माझा जोडीदार धुळा. तो पूर्वी मेंढरं राखायचा, आता शेती करतो, आणि त्याच्या पंजात चार नाणी अशी दडतात की हात पालथा केला तरी पडत नाहीत. आम्ही दोघं शाळांतून जादूचे प्रयोग करतो. असल्या बाबाला आपण एका मिनिटात पकडू अशी आमची खात्री होती. घमेंडच होती म्हणा ना.

एका शुक्रवारी माझी भाची क्रांती रडत आली. ती याच गावात दिलेली. नवरा रविराज कोइमतूरला गलाईच्या दुकानात सोनं गाळतो, घरात ती, नववीतली प्रांजल आणि सासरे सयाजीतात्या. प्रांजलला लहानपणापासून फिट यायची. गोळ्या नियमित सुरू केल्यापासून दोन वर्षांत एकदाही आली नव्हती. आणि तात्यांनी पोरीला बाबाकडं नेलं होतं. बाबानं तीन गुरुवार सांगितले होते, तीन नाणी. तिसरं नाणं गेलं की गोळ्या कालव्यात सोडायच्या. पहिलं गेलं होतं.

डॉक्टरांनी क्रांतीला बजावलं होतं, की या गोळ्या एकदम बंद केल्या तर फिट थांबायचीच नाही, पोर हातची जाईल. रविराज फोनवर म्हणायचा, तात्या म्हणतील तसं कर.

“मामा, तुमी जादूगार हाय न्हवं? मग त्येचं बिंग फोडा की,” ती म्हणाली. “माजी पोर जाईल वो.”

दुसऱ्या गुरुवारी धुळा आणि मी पहिल्या रांगेत ठाण मांडून बसलो. धुळाची बायको शालूबाईही आली होती. बाबाचा तळहात माझ्या नाकापासून हातभर. चौघांनी नाणं चाचपलं, पाचवे सयाजीतात्या. तात्या ‘हाय’ म्हणाले. रुमाल उडाला. रुपया नव्हता.

खरं सांगतो, मी चाट पडलो. मी हाताची मूठ ओळखतो, खोटी नजर ओळखतो, मनगटाचा झटका ओळखतो. यातलं काहीच झालं नव्हतं. बाबाचा हात हललाच नव्हता. 

घरी येऊन आम्ही मोबाईलवरचं शूटिंग चाळीस वेळा बघितलं, हळू करून, मोठं करून. धुळा म्हणाला डिंक, मी म्हणालो धोतर. डिंक लावावा तर तळहात कोरडा होता आणि धोतर दोन फूट लांब. शेवटच्या माणसानं नाणं उचलायचं ही युक्ती आमच्या धंद्यात जुनी आहे, ती सुचलीही. पण शेवटचा माणूस सयाजीतात्या. माळकरी, उभ्या जन्मात खोटं न बोललेला, आणि पोरीचा सख्खा आजा. तो कशाला बाबाला सामील होईल? म्हणून आम्ही ती युक्ती बाद केली आणि पुन्हा बाबाच्या हाताकडं बघत बसलो.

शालूबाई चहा घेऊन आली. वीस वर्षं नवऱ्याची नाणी बघून ती इतकी कंटाळली आहे, की जादू सुरू झाली की माणसं बघते.

“तुमचा रुपाया गेला चुलीत,” ती म्हणाली. “पर सयाजीतात्यांनी परसाद डाव्या हातानं घेतला, ते बगितलं का न्हाई?”

आम्ही शूटिंग पुढं सरकवलं. चेला खडीसाखर वाटत होता आणि तात्यांनी डावा हात पुढं केला होता. ज्या माणसानं पाण्याचा तांब्याही कधी डाव्या हातानं घेतला नाही, तो देवाचा प्रसाद डाव्या हातानं घेत होता. उजवी मूठ मांडीशी गच्च आवळलेली. आम्ही दोघा शहाण्यांनी बाद केलेली युक्तीच खरी निघाली होती.

मला तात्यांचा असा राग आला की विचारू नका. नातीच्या जिवाशी खेळतो हा म्हातारा, चारचौघांत याची लाज काढायचीच, असं मी ठरवलं. भाषणसुद्धा तयार केलं.

तिसरा गुरुवार. प्रांजलच्या गोळ्यांची पिशवी बाबापुढं ठेवलेली. तात्यांचा हात रुमालाखाली गेला, बाहेर आला, रुमाल उडाला, टाळ्या पडल्या. तेवढ्यात क्रांती उठली; डाव्या हाताचं शालूबाईनं तिला आधीच सांगितलं होतं. सासऱ्यापुढं कधी आवाज न चढवलेली पोर, हातात पेढा घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. “तात्या, परसाद घ्या. उजव्या हातानं.”

तात्यांनी डावा पुढं केला. तिनं दिला नाही. बाबा मधेच मंत्र म्हणू लागला, चेल्यानं माईकचा आवाज वाढवला, पण सगळ्यांची नजर आता त्या मुठीवर होती. तात्यांनी ती छातीशी धरली.

“नगं गं पोरी,” ते म्हणाले. “चारचौघांत ही मूठ उगडली तर तिचं दुखनं माघारी जाईल. रुपाया उचलून मी घेतलंय ते माज्याकडं. कुनाला सांगायचं न्हाई म्हणून बाबानं शपथ घातलीया.”

माझं भाषण घशातच राहिलं. या माणसाला मी भामटा समजत होतो, आणि तो नातीची फिट स्वतःच्या अंगावर घेऊन मरायला तयार झाला होता. मला माझीच शरम वाटली.

तेवढ्यात मागून बयाबाई उठली, लेकाचा दमा घेऊन आलेली. “म्हंजी तुलाबी तसंच सांगितलं व्हय?” म्हणत तिनं पदराची गाठ सोडली. आत रुपया. मग एकानं कनवटीचा काढला, दुसऱ्यानं देवाच्या डबीतला घरून आणून दाखवला. एकूण सतरा निघाले. प्रत्येकाला वाटत होतं, बाबानं आपल्या एकट्यालाच गुपित सांगितलं. बाबाला एकही भाडोत्री माणूस लागला नव्हता. दर घरानं आपला सगळ्यात जीव लावणारा माणूस त्याला फुकट पुरवला होता.

बाबा पोलीस येईपर्यंत संडासात दडून बसला. रुपया सोडून स्वतःला नाहीसं करणं काही त्याला जमलं नाही.

त्या संध्याकाळी तात्यांनी स्वतःच्या हातानं प्रांजलला गोळी दिली. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, “आजोबा, माझं दुखणं तुमी कशाला घेताय? गोळी हाय की.” तात्या सुनेसमोर ढसाढसा रडले.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, एवढंच करा. कुणी तुमच्या माणसाचं दुखणं घालवतो म्हणाला आणि वर म्हणाला कुणाला सांगू नका, तर उठा आणि आधी शेजारच्या घरात जाऊन सांगा. औषध देणारा डॉक्टर चिठ्ठी लिहून देतो, ती दहा जणांना दाखवता येते. ज्याला तुमचं तोंड बंद लागतं, त्याच्या हातात आपलं पोर देऊ नका.