सुटलेल्या हाताची बाजू

वाचनालयातल्या आमच्या मंडळात पुस्तकावर मत मांडायची पाळी त्या दिवशी माझी होती. जन्मभर शिवणकाम केलंय, त्यामुळे उसवलेली शिवण मला लगेच दिसते, आणि दिसली की तोंड गप्प बसत नाही.

कादंबरी युद्धाच्या काळातली. स्टेशनावरच्या पळापळीत नऊ वर्षांच्या मुलीच्या हातून धाकट्या भावाचा हात सुटतो. भाऊ दोन दिवसांनी सापडतो, पण ती म्हातारी होईपर्यंत स्वतःला माफ करत नाही. मंडळातल्या सगळ्यांनी डोळे पुसले. माझी ताई मात्र पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती. पुस्तक वाचल्यापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं, कारण अशाच गर्दीत, त्याच वयात, तिच्या हातून माझा हात सुटला होता. साठ वर्षांत या विषयावर आम्ही दोघींनी चकार शब्द काढलेला नाही. पण तिची ती खाली गेलेली मान मला बघवेना.

मी उठले. "पुस्तक बेतलंय झकास," मी म्हटलं, "पण एक बाही लावायचीच राहिली. लेखिकेने बहिणीला खोदून खोदून विचारलंय. हरवलेल्या पोराला कुणी विचारलंच नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मी पाच वर्षांची होते. एका बेकरीवालीने मला उचलून घरी नेलं. दोन दिवस गरम पाव, भट्टीशेजारची ऊब आणि पायाशी झोपणारी मांजर. मुलांना दिवसभर घाबरता येत नाही हो, मध्येच भूक लागते. ताई शोधत आली तेव्हा मी टेबलाखाली लपले. मला परत जायचंच नव्हतं."

ताईने मान वर केली. "आणि हे तू आज सांगतेस?"

"तेव्हापासून तुझ्या खाऊतला अर्धा वाटा मला मिळतोय. आपण होऊन कोण सोडेल?" मग मात्र माझा आवाज उतरला. "चुकलंच माझं, ताई. कधीच सांगायला हवं होतं."

बाकीचे हसले. ताई हसली नाही.

चहा आला, प्रत्येकाच्या बशीत एकेक बिस्किट. सवयीने तिने आपलं मोडलं, अर्धं माझ्या बशीकडे नेलं आणि थबकली. मग माझ्याकडे बघत तिने ते अर्धं खाल्लं, उरलेलंही खाल्लं, आणि हात लांब करून माझंही उचललं.