जैतुनबीचा खोकला

या जैतुनबीशी मी आता बोलत नाय. सोळा वर्षं एका चुलीवर खाल्लं. तिची बोटं झडलेली, म्हणून भाकरी मीच थापायची. पण आता बोलत नाय म्हणजे नाय!

हर्सूलच्या पल्याड आमची रगतपितीवाल्यांची, महारोग्यांची वस्ती. वर्सातून एकदा निजामसरकारचा मोठा डॉक्टर हैदराबादेहून येतो. पाठ उघडी करून बसवतो अन् मागून कापूस फिरवतो. कापूस टेकला की 'हां' म्हणायचं. सगळं बरोबर निघालं तर घरी जायची चिठ्ठी भेटते. माझ्या पाठीवर एक चट्टा आहे, तिथं निखारा ठेवला तरी मला कळायचं नाय. पण आम्ही बाया काय कमी आहोत व्हय? कापूस टेकला की मागच्या बाकावर बसलेल्या मैत्रिणीनं खोकायचं, मग आपण 'हां' म्हणायचं. अशा चार जणी खोकल्यावर घरी गेल्या.

यंदा माझा लेक बन्सी छकडं घेऊन आला होता. पाटलानं त्याला सांगितलं होतं, चिठ्ठी दाखव अन् आईला खुशाल घरात घे. मी सकाळीच डोकं धुतलं, ठेवणीतलं लुगडं नेसले. घरची लई ओढ लागली होती.

डॉक्टरनं कापूस फिरवला. मी कान टवकारून बसले. चट्ट्यावर कधी टेकला देवाला ठाऊक, मागं जैतुनबी हूं की चूं करीना.

"बाई, यहीं रहना पडेगा," डॉक्टर म्हणाला.

"पुढल्या साली बघू, आये," फाटकाशी बन्सी म्हणाला अन् त्यानं छकडं वळवलं. मी तिथंच बसून रडले.

मग जैतुनबीवर तुटून पडले. "मेले, तोंडात बोळा कोंबला होतास? मी गेले तर तुझ्या भाकरी कोण थापंल, हेच ना? केसानं गळा कापलास गं माझा!"

ती म्हणाली, "सारजा, अल्लाकसम, मी खोकणारच होते. तू डोकं धुवत होतीस तव्हा तुझा बन्सी आला. मी आपली खुशीत सांगून बसले, बेटा, फिकीर नको, मी खोकते, तुझी आई पास होते. त्यानं माझे पाय धरले. मावशी, खोकू नका म्हणाला. सासू आली तर त्याची बायको पोरं घेऊन माहेरी जाणार."

"मग छकडं कशाला आणलं त्यानं?"

"गावाला दाखवायला."

नऊ महिने पोटात वाढवलेलं पोर, अन् हे!

"मला आधी का नाय सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? असल्या घरी गेली असतीस का तू?"

"गेले असते," मी म्हणाले. "गोठ्यात निजले असते, पण गेले असते. तुम्ही दोघांनी ठरवून टाकलं. मला कुणी विचारलं?"