शर्मिला मॅडमचा फवारा

सुनेच्या, श्रुतीच्या, हॉलमधलं ते जाड पानांचं बुटकं झाड देठातून सडतंय, हे राहीबाईंना वासावरूनच कळलं होतं. त्यालाही आता पंधरा दिवस झाले. वाशीच्या मार्केटात तीस वर्षं रोजावर कांदे निवडलेल्या बाईला सडकं कुठलं ते सांगावं लागत नाही. पण त्या तोंड मिटून बसल्या होत्या, आणि त्याला कारण त्यांचे चिरंजीव. सानपाड्याच्या या सोसायटीत राहायला आल्या दिवशीच रणजीतनं बजावलं होतं, "आई, इथे मार्केटचं काही बोलू नकोस हां." कांदे निवडून ज्याला इंजिनियर केला, त्याला कांद्याचीच लाज! आपल्या आईनं काय काम केलं ते त्यानं एकदा, फक्त एकदा, चारचौघांत आपल्या तोंडानं सांगावं, एवढंच राहीबाईंना हवं होतं. तोवर झाड सडलं तर सडू दे.

शिवाय झाडाला डॉक्टर होतीच की. शर्मिला मॅडम, सोसायटीच्या गार्डन ग्रुपच्या सर्वेसर्वा. बाईंना लेबल वाचल्याशिवाय गुलाब की कोबी ते कळत नसावं, पण तोरा मात्र असा, की जगातली झाडं यांना विचारूनच उगवतात. "सक्युलंट ना? त्याला ह्युमिडिटी हवी," असं सांगून त्यांनी सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा मारायला लावला. पानं पिवळी पडून गळायला लागली, तेव्हा वरून दालचिनीची पूड भुरभुरायला लावली. आता फोडणी तेवढी द्यायची राहिली, असं राहीबाई मनात म्हणाल्या.

रविवारी सकाळी मॅडम पुन्हा आल्या, तेव्हा रणजीतही घरीच होता. झाड पाहून त्यांनी नाक मुरडलं. "टाकून दे गं. नवीन घे."

श्रुतीचा चेहरा पडला. "पहिल्या नोकरीपासून आहे हो माझ्याकडे. सहा वर्षं सांभाळलंय."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तशी राहीबाईंना स्वतःचीच चीड आली. राग लेकावरचा आणि भोगतेय सून. त्या उठल्या.

"सुरी आन गं. गॅसवर धरून आन."

त्यांनी झाड कुंडीतून उपसलं, मुळं झटकली आणि देठाची खालून एक चकती कापली. मधोमध काळपट डाग. दुसरी कापली. डाग होताच.

"आई, अजून किती कापणार?" श्रुती घाबरली.

"डाग दिसतुया तवर. तेवढा जरी ऱ्हायला, तर पुन्यांदा वर चढंल."

सहाव्या चकतीला देठ स्वच्छ, पोपटी निघाला. वर मूठभर पानं उरली होती. "आता ह्ये चार-पाच दिस सावलीत उघडं पडू दे. काप वाळला की वाळू मिसळलेल्या कोरड्या मातीत बसव. मुळं फुटंस्तवर पानी न्हाई. आन् त्यो फवारा इस्त्रीच्या कापडांवर मार."

"अय्या आजी, कुठे शिकलात हे सगळं?" मॅडमनी विचारलं.

सुरी पदराला पुसत राहीबाईंनी लेकाकडे पाहिलं. बोल की रे आता.

"गावी शेती होती ना आमची," रणजीत घाईघाईनं म्हणाला. "बागायत."

"कसली बागायत!" राहीबाई कडाडल्या. "एक गुंठा न्हवता आमाला. मी मार्केटात कांदं निवडत हुते, तीस वर्सं, रोजावर."

मॅडम "ओह" म्हणाल्या आणि त्यांना अचानक कुकर लावल्याचं आठवलं.

दार लागताच रणजीत फणफणला, "काय गरज होती आई? आता सगळ्या ग्रुपवर पसरेल."

राहीबाईंनी त्याला नीट न्याहाळलं. चांगला शर्ट, चांगला चष्मा, बापासारखंच नाक. मार्केटात असा कांदा हाताला लागला असता, तर त्यांनी तो दुसऱ्यांदा न बघता बाजूला फेकला असता. पण हा पोटचा होता. तो फेकायचा कुठे?

"जेवून घे," त्या म्हणाल्या, आणि त्याचं ताट वाढायला गेल्या.