ताग्याच्या नळीची दुर्बीण

माझ्या मोठ्या भिंगात, कडेपासून थोडा आत, हवेचा एक बुडबुडा आहे. खसखशीच्या दाण्याएवढा. भिंग उजेडासमोर धरले तर तो स्पष्ट दिसतो. पण माझ्यातून चंद्राकडे पाहिले तर कुठेच दिसत नाही. चंद्रावर त्याचा डाग पडत नाही. तो थोडासा उजेड अडवतो, इतकेच.

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझा जन्म कारखान्यात झाला नाही. लखनौच्या अमीनाबाद बाजारात एका कापडवाल्याने फेकायला काढलेली, तागा गुंडाळायची पुठ्ठ्याची नळी म्हणजे माझे अंग. घड्याळजी डोळ्याला लावतो ते भिंग म्हणजे माझे मागचे भिंग. आणि मोठे भिंग म्हणजे चक्क चष्म्याची काच. ती घ्यायला सरलाबाई आणि लक्ष्मीकांतराव बरोबर गेले होते. सरलाबाई मुलींच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या. लक्ष्मीकांतराव बँकेत होते. बदली होऊन ते साताऱ्याहून लखनौला आले आणि अलीगंजमध्ये घर बांधून तिथलेच झाले.

"फ्रेम कौन-सा दिखाऊँ, साहब?" चष्मेवाल्याने विचारले.

"फ्रेम नहीं चाहिए. सिर्फ़ शीशा."

"बिना फ्रेम के पहनेंगे कैसे?"

"हम नहीं, चाँद पहनेगा," लक्ष्मीकांतराव म्हणाले. चष्मेवाल्याला हसू आवरेना. त्याने बुडबुडा असलेली काच शोधून काढली आणि म्हणाला, "तो ये ले जाइए. चाँद में दाग तो पहले से है."

त्या घरात कोणतीही गोष्ट ठरवण्याची एक रीत होती. हिशेब बाईंनी मांडायचा आणि 'ठरलं' हा शब्द लक्ष्मीकांतरावांनी उच्चारायचा. माझी नळी कापायच्या दिवशीही तसेच झाले. बाईंनी मोजले, खूण केली, ती पुसली, पुन्हा मोजले.

"अहो, आणखी एकदा मोजू का?"

"नळी कंटाळली बघ. ठरलं!" ते म्हणाले, आणि ब्लेड फिरले.

बाईंनी मला आतून फळ्याचा काळा रंग दिला. मलिहाबादहून दशहरी आंब्यांची पेटी आली होती; ती रिकामी करून लक्ष्मीकांतरावांनी माझी बैठक केली. पावसाळी दिवसांत त्या लाकडाला अजून आंब्याचा पुसट वास येतो.

मी तयार झाले ती एका धूमकेतूसाठी. तो काही धड दिसला नाही. गच्चीवर जमलेल्या मंडळींना मी ओल्या कापसासारखा एक ठिपका दाखवला आणि मला फार ओशाळल्यासारखे झाले. पण धूमकेतू निघून गेला आणि गुरू ग्रह राहिला. त्याच्या शेजारी एका ओळीत बसलेले चार बारीक चंद्र मी दाखवले, त्या रात्री बाई कितीतरी वेळ डोळा बाजूला घ्यायला तयार नव्हत्या.

"सरला, हेच चार चंद्र पहिल्यांदा ज्या भिंगातून दिसले, ते भिंग फ्लॉरेन्सला जपून ठेवलंय," लक्ष्मीकांतराव म्हणाले. "त्याला तडा गेलाय म्हणे. नुसता बुडबुडा नाही, चांगला तडा. आपण दोघं जाऊन बघू या. ठरलं!"

या वेळी हिशेब मांडायच्या आधीच ते 'ठरलं' म्हणाले होते. तसे ते एकदाच झाले.

माझी खरी चैन होती ती बाईंच्या विद्यार्थिनी गच्चीवर यायच्या तेव्हा. दर वर्षी बाई नव्या मुलींना तोच प्रश्न विचारायच्या. या मोठ्या भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला, तर चंद्र कसा दिसेल?

"आधा चाँद दिखेगा, मॅडम!" सगळ्या एका सुरात ओरडायच्या.

मग बाई खरेच कागद लावायच्या आणि एकेकीला बघायला सांगायच्या. चंद्र अख्खा दिसायचा, फक्त मंद. भिंगाचा प्रत्येक तुकडा पूर्ण चित्र तयार करतो, मित्रांनो. कितीही मुलींना हे समजावले तरी पुढच्या वर्षीच्या मुली पुन्हा तीच चूक करायच्या. बाईंना त्याचा राग येत नसे. "पूरा दिखेगा," त्या म्हणायच्या. "बस, रोशनी कम होगी."

दिवाळीतले सूर्यग्रहण तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. माझ्यातून सूर्याकडे कोणी डोळा लावायचा नाही, अशी बाईंची सक्त ताकीद होती. डोळा कायमचा जातो. माझ्या मागे पांढरा कागद धरून त्यावर सूर्याचे चित्र पाडले होते. शेजारच्या मिश्राइनजी "ग्रहण में बाहर कौन निकलता है, भला?" म्हणत जिन्यापर्यंत आल्या, मग गच्चीच्या दारापर्यंत, आणि शेवटी कागदावर वाकून म्हणाल्या, "अरे, ये तो कटे नाखून जैसा है!" सगळी गच्ची हसली. माझे इतके कौतुक त्याआधी झाले नव्हते आणि त्यानंतरही झाले नाही.

त्याच थंडीत लक्ष्मीकांतराव आजारी पडले. दवाखान्यात गेले ते घरी आले नाहीत.

मला कोणीतरी कपाटावर ठेवले. माझे झाकण गच्चीवरच राहून गेले होते. माझ्या एका बाजूला रजयांचे गाठोडे होते, दुसऱ्या बाजूला मोठी सूटकेस. तिथून मला खोलीचा वरचा अर्धा भाग दिसायचा आणि खालचा फक्त ऐकू यायचा. एका कपाचा आवाज. एकाच खुर्चीचा आवाज. बाई रेडिओ लावायच्या, पण बातम्या संपल्या की लगेच बंद करायच्या. मुली शिकवणीला येत, पण गच्चीवर कोणी जात नसे. पुढे बाई निवृत्त झाल्या आणि मुलीही येईनाशा झाल्या. माझ्यावर धूळ बसली. एका उन्हाळ्यात एक कुंभारीण माशी खिडकीतून मातीचे गोळे घेऊन येऊ लागली. ती माझ्या तोंडापाशी गुणगुणायची, तेव्हा निदान कोणीतरी आले आहे असे वाटायचे.

दोन वर्षे अशी गेल्यावर, दसऱ्याच्या महिनाभर आधी नरेंद्रचा फोन आला. नरेंद्र हा बाईंचा मुलगा, प्रवासी जहाजावर इंजिनिअर. दिवाळीनंतरच्या एका सफरीवर तो आईला बरोबर नेऊ शकत होता. त्याचा आवाज इतका मोठा यायचा, की कपाटावरही ऐकू येई.

"आई, जहाज एक दिवस लिव्होर्नो बंदराला लागतं. सकाळी लागतं, संध्याकाळी सुटतं. पिसा अगदी जवळ आहे. बस नेते आणि आणून सोडते. फ्लॉरेन्स लांब आहे. तिकडच्या बसच्या जागा भरल्यात. जायचंच तर तुला एकटीने ट्रेनने जावं लागेल. मला बंदरात इंजिन सोडता येत नाही. आणि जहाज कोणासाठी थांबत नाही गं."

"बघते," बाई म्हणाल्या.

पुढच्या फोनलाही त्या "बघते" म्हणाल्या. त्यांच्या मैत्रीण अरुणाताई इंदिरा नगरहून भेटायला आल्या, तेव्हा त्यांना राहवले नाही.

"अगं यार सरला, पिसाच बघ ना! झुकलेल्या मनोऱ्याला हात टेकवून फोटो काढ, महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना दाखवू. फ्लॉरेन्सला जाऊन काय, एक फुटकी काच बघणार?"

"तडा गेलेली. फुटकी नाही."

"हाँ हाँ, तेच ते. आणि ट्रेन चुकली तर? जहाज म्हणजे काय आपली पॅसेंजर आहे, लेट सुटायला? परक्या देशात एकटी फलाटावर बसशील."

"ट्रेनचा हिशेब केलाय मी. वेळ पुरतो."

"मग अडलंय कुठे?"

बाई उठल्या. चहा आणायला आत गेल्या. मला मात्र ठाऊक होते कुठे अडले होते. अरुणाताई गेल्यावरही बाईंचे पुटपुटणे चालू राहिले: बंदरापासून स्टेशन, स्टेशनापासून शहर, शहरातून परत. उत्तर प्रत्येक वेळी तेच यायचे. पण त्या उत्तरापुढचा शब्द उच्चारणारे माणूस त्या घरात उरले नव्हते. दोघांनी मिळून पाहायची गोष्ट एकटीने पाहिली, तर ती अर्धीच दिसेल. मग मनोरा काय वाईट, किंवा जहाजावरच बसलेले काय वाईट? त्या असे मोठ्याने म्हणाल्या नाहीत. पण सूटकेस खाली काढायला त्या स्टुलावर चढायच्या, तिच्या कडीला हात लावायच्या आणि तशाच उतरायच्या.

कोजागरीला महाराष्ट्र मंडळात मसाला दूध होते. बाईंनी गुडघ्याचे निमित्त सांगितले. दिवे लागायच्या वेळी त्या पुन्हा स्टुलावर चढल्या आणि या वेळी त्यांनी सूटकेस ओढली. तिच्याबरोबर मीही घरंगळले. बाईंनी मला हवेतच पकडले. कितीतरी दिवसांनी कोणाचा तरी हात लागला. पदराने त्यांनी माझे मागचे भिंग पुसले आणि मला काखेत घेऊन त्या जिना चढल्या.

आंब्याची पेटी गच्चीच्या कोपऱ्यातच होती. पूर्वेला चंद्र नुकताच वर आला होता, पूर्ण. बाईंनी डोळा लावला.

"अख्खा आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण इतका मंद का?"

त्या पुढे आल्या आणि माझे तोंड त्यांनी वळवून पाहिले. मोठ्या भिंगाचा जवळजवळ अर्धा भाग वाळलेल्या मातीने झाकलेला होता. कुंभारणीने तिथे घर बांधले होते, आणि पिल्ले मोठी होऊन कधीच उडून गेली होती. बाईंनी त्या मातीवरून बोट फिरवले. पुन्हा डोळा लावला. पुन्हा माती पाहिली.

"पूरा दिखेगा," त्या अगदी हळू म्हणाल्या, वर्गात म्हणायच्या तशा. "बस, रोशनी..." त्या मला मांडीवर घेऊन पेटीच्या कडेवर बसल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात कपाटावर माझ्यासारखे काहीतरी पडले असेल. ते अधूनमधून खाली काढा, पुसा, झाकण शोधून लावा. मोडकेतोडके समजून टाकून देण्याआधी एकदा त्यातून बघा. आणि घरात कोणी एकटे बसून फार दिवस काही ठरवत असेल, तर त्यांच्याजवळही जरा बसा.

खाली फोन वाजू लागला. बाई मला हातात घेऊनच उतरल्या.

"आई, आज तरी सांग. पिसाची बस पण भरत आलीय. जागा ठेवायला सांगू ना?"

"नको. ती जागा दुसऱ्या कोणाला जाऊ दे."

"बरं. म्हणजे जहाजावरच थांबणार तर. वर डेकवर छान ऊन असतं, तू..."

"नरेंद्र, ऐक."

बाईंचा अंगठा माझ्या भिंगावरच्या मातीवर टेकलेला होता.

"मी फ्लॉरेन्सला जाणार आहे. एकटी, ट्रेनने. ठरलं."